आधी नियम, मग रोबो

उत्साही : गुरुजी, तिगावात शाळकरी मुलांची रोबोंची स्पर्धा भरवू म्हटलं की लोक आधी पाहुणा कोण ते विचारतात, मग बक्षीस किती ते. मला दोन्हीची घाई नाही. २०२३ साली आपला पांढुर्णा मध्य प्रदेशातला नवा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या, आता मुलांच्याही वाट्याला काही यावं एवढंच म्हणणं आहे. आपली पोरं हातानं कच्ची नाहीत. मोटारपंपाचा स्टार्टर जळाला तर आठवीतलं पोरगं बापाच्या आधी झाकण उघडून बसतं. फवारणीच्या पंपाची बॅटरी बसली तर चार्जर बिघडला की सेल गेले, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि ही स्पर्धा म्हणजे परक्यांचाच खेळ, असंही समजू नका. २००८ साली पुण्यात बालेवाडीला एबीयू रोबोकॉन झाली. आशिया-पॅसिफिकमधल्या देशांचे विद्यार्थी रोबो घेऊन आले होते. त्या स्पर्धेत यजमान देश दरवर्षी नवा खेळ ठरवतो. आपण दहीहंडी दिली! चीन, जपान, व्हिएतनामची पोरं हंडीतलं लोणी काढणारी यंत्रं घेऊन मैदानात उतरली. २०१४ला पुन्हा पुणेच. तेव्हा आईबाप आणि लेकरू असा खेळ होता. मोठ्या रोबोनं छोट्या रोबोला सीसॉवर बसवायचं, झोका द्यायचा. २०२२ला भारत यजमान होता, तेव्हा लगोरी. आपल्या अंगणातले खेळ घेऊन जगातली पोरं खेळली. आपल्याच अंगणात ते का होऊ नयेत?

साशंक : भाऊ, दहीहंडीचं नाव ऐकून मलाही बरं वाटतं. पण ती स्पर्धा इंजिनिअरिंग कॉलेजांची. कॉलेजची कार्यशाळा पाठीशी, लेथ आहे, वेल्डिंग आहे, वर्षभराची तयारी आहे. तुम्ही मला हंडी दाखवता आणि मी बघतो ते पायथ्याशी उभं राहिलेलं पोरगं. तालुक्याच्या पातळीवर 'रोबो रेस' म्हणून जे भरतं ते कसं असतं ते सांगतो. ऑनलाइन मागवलेलं पारदर्शक प्लास्टिकचं चेसिस, चार पिवळ्या मोटारी, एक आर्डुइनो, मोबाइलवरून ब्लूटूथनं चालवायचं. ब्लूटूथचा तो तुकडा सगळ्यांकडे एकाच जातीचा, त्याचं नाव सगळीकडे एकच आणि पिन सगळीकडे १२३४. त्यामुळे एकाचा मोबाइल दुसऱ्याच्या गाडीला जोडला जातो आणि पहिली वीस मिनिटं कोणाची गाडी कोण चालवतंय ह्यातच जातात. मग बाद पद्धतीचे सामने. १६ संघ आले तर पहिल्या फेरीनंतर ८ घरी. तीन मिनिटांचा खेळ, पोहे, सहभागाचं प्रमाणपत्र, आणि एसटी नसलेल्या ह्या राज्यात मिळेल त्या जीपनं परत. त्या पोराला काय मिळालं? आपली गाडी वाईट होती एवढंच त्याला कळलं. का वाईट होती, हे शोधायला दुसरी खेप तुम्ही दिलीच नाही.

उत्साही : हा दोष बाद पद्धतीचा आहे, रोबोचा नाही. म्हणूनच मी म्हणतो की स्पर्धा भरवायची की नाही, ह्याच्या आधी कोणत्या तऱ्हेची भरवायची ते बोलू. साखळी सामने घेतले तर सगळ्यांना भरपूर खेळायला मिळतं, पण हिशेब बघा. १६ संघ प्रत्येकाशी एकदा खेळले तर १२० सामने. गाड्या लावणं-उचलणं धरून पाच मिनिटांना एक म्हटला तरी दहा तास, आणि मध्ये वीज गेली तर देवच वाली. त्यापेक्षा आपल्याकडच्या शंकरपटासारखं करावं. पटात जोडी समोरच्याला धडकत नाही, घड्याळाशी पळते. प्रत्येक संघाला तीन पाळ्या द्यायच्या आणि त्यातली सर्वांत चांगली धरायची. ४८ पाळ्या, चार तास. पहिल्या पाळीत गाडी भरकटली तर पोरगं कोपऱ्यात बसून स्क्रू पिळेल, कोड बदलेल, दुसऱ्या पाळीला येईल. शिकणं त्या दोन पाळ्यांच्या मधल्या तासात होतं. तो तास वेळापत्रकात कुठे बसवायचा, एवढंच आयोजकाच्या हाती असतं.

साशंक : तास दिलात, चांगलं केलंत. पण घड्याळाशी पळवायचं काय? काळ्या रेषेवरून जाणारी गाडी. त्या गाडीचा कोड इंटरनेटवर जसाच्या तसा पडलेला आहे. पोरगं तो उतरवून घेतं, दोन आकडे बदलतं आणि पहिलं येतं. ज्यानं स्वतः डोकं चालवलं त्याची गाडी वळणावर अडखळते. म्हणजे तुमचं घड्याळ उतरवून घेणाऱ्याला बक्षीस देतं आणि विचार करणाऱ्याला सांगतं की तू हळू आहेस.

उत्साही : हे घडलेलं आहे, आणि त्यावर उपायही निघालेला आहे. अमेरिकेत १९७७ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकानं चक्रव्यूहातून वाट काढणाऱ्या यांत्रिक उंदरांची स्पर्धा जाहीर केली. अंतिम फेरी १९७९ला न्यूयॉर्कला झाली. उद्देश असा की उंदरानं नकाशा लक्षात ठेवावा, विचार करावा. पण बाहेर पडण्याचा दरवाजा कडेला होता. त्यामुळे एका बाजूच्या भिंतीला चिकटून जोरात धावणारा, काहीही न आठवणारा बिनडोक उंदीर सगळ्यांत भारी ठरला. मग इंग्लंडमधल्या जॉन बिलिंग्जली ह्या प्राध्यापकानं पुढच्या वर्षी युरोपात स्पर्धा घेताना एकच गोष्ट बदलली. मुक्कामाची जागा चक्रव्यूहाच्या मधोमध नेली. मधली भिंत कडेच्या भिंतीला जोडलेली नाही, त्यामुळे भिंत धरून जाणारा नुसता गोल फिरत राहतो. एका ओळीनं खेळाचा जीव बदलला. मायक्रोमाऊस नावाचा हा उंदरांचा खेळ आजही त्याच नियमानं खेळतात. रेषेचंही तसंच करता येईल. रेषा मध्ये एक वीत तोडून ठेवायची, वाटेत एक फाटा द्यायचा, आणि तो फाटा कुठे ते सकाळी सांगायचं.

साशंक : तुमच्या इंग्लंडातल्या प्राध्यापकाचं लोकांनी ऐकलं. आपल्याकडचं काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. एका अंगाला पांढुर्णा, दुसऱ्या अंगाला सावरगाव, मधे पळसाचं झाड आणि झेंडा. माणसं जखमी होतात, जीव गेलेले आहेत. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले होते. लोकांनी दगडच उचलले. नियम कागदावर बदलला म्हणून खेळ बदलत नाही, भाऊ. बघणारे काय बघायला आलेत त्यावर तो ठरतो. तुम्ही तुटलेली रेषा ठेवाल, पोरगं खाली वाकून कोड तपासत बसेल आणि मंडपातली माणसं म्हणतील, 'हे काय बाप्पा, हलतच नाही!' त्यांना टक्कर हवी. वर्गणी देणाऱ्यालाही टक्करच हवी. पुढच्या वर्षी तुम्हीच रोबोंचं युद्ध ठेवाल.

उत्साही : ते मी ठेवणार नाही, आणि कारण नैतिक नाही. गरगरणारं पातं तुटून उडालं तर ते अडवायला जाड पॉलिकार्बोनेटचा पिंजरा लागतो. लिथियमच्या बॅटरीला भोक पडलं तर ती पेटते, पाण्यानं सहज विझत नाही, आणि शाळेत वाळूची बादली एकच असते, तीही रिकामी. मोठ्या कॉलेजच्या महोत्सवांना ते परवडतं. पण टक्कर हवीच असेल तर जपानी सुमोचा प्रकार आहे. गोल चकती, दोन गाड्या, जी बाहेर ढकलली गेली ती हरली. वजनाची मर्यादा, पातं नाही, आग नाही. पंधरा मिनिटं तेवढं दाखवू. गर्दीला तेही आवडतं. फक्त त्याला गुण ठेवायचे नाहीत.

(लिहिणाऱ्याचं एक म्हणणं इथे मध्येच घुसवतो. दोघेही नियमांवर बोलतायत, पण गावातल्या स्पर्धा बहुतेक वेळा मंडपामुळे फसतात. रेषा ओळखणारा सेन्सर इन्फ्रारेड उजेड टाकून परत आलेला उजेड मोजतो. उन्हातही इन्फ्रारेड असतो. आदल्या संध्याकाळी वर्गात सेन्सरचा बारीक स्क्रू पिळून गाडी नीट लावलेली असते. दुपारी बाराला पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप रेषेवर पडते आणि सेन्सरला काळं-पांढरं सगळं पांढरंच दिसतं. भरीला ट्रॅक चकचकीत फ्लेक्सवर छापून आणलेला असतो. काही काळ्या शाया इन्फ्रारेड शोषतच नाहीत, म्हणजे आपल्याला रेषा दिसते, गाडीला दिसत नाही. त्यापेक्षा खरखरीत पांढरा ड्रॉइंग पेपर, त्यावर वायरमनची काळी टेप, आणि खिडक्या झाकलेला पक्का वर्ग. हे तिन्ही जमत नसेल तर रेषेच्या नादी लागू नये.)

साशंक : बरं, वर्ग झाकला. आता पैशाचं बोला. देशात दहा हजार अटल टिंकरिंग लॅब आहेत म्हणतात. ज्या शाळेला मिळाली तिला २० लाखांपर्यंत अनुदान. तिथे थ्री-डी प्रिंटर आहे, सेन्सरची पेटी आहे. शेजारच्या गावच्या शाळेत विज्ञानाच्या कपाटाची किल्लीच सापडत नाही. ही दोन पोरं तुम्ही एका रेषेवर उभी करणार आणि घड्याळ सुरू करणार? त्यात नागपूर शंभरेक किलोमीटरवर. सीताबर्डीला जाऊन, दुकानदाराला सांगून तयार गाडी आणणारा बाप निघतोच. पोरगं फक्त नाव सांगायला उभं.

उत्साही : ह्यावर जगानं आधीच विचार करून ठेवलाय, तो उचलू. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९७० पासून एका विषयाच्या तासाला अशी स्पर्धा घेत. वूडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक तिच्यामुळे गाजले. प्रत्येक विद्यार्थ्याला सारखीच पेटी, आणि पेटीत काय, तर भंगार म्हणावं असं किरकोळ सामान. एवढ्यातच बनवा. त्यांनी आणि डीन केमेननं पुढे शाळकरी मुलांसाठी फर्स्ट नावाची स्पर्धा उभी केली. आज ती डझनावारी देशांत चालते, पण १९९२ला न्यू हॅम्पशायरच्या एका हायस्कूलच्या व्यायामशाळेत २८ संघांवर सुरू झाली होती. आणि रोबोकॉन जिच्यातून निघाली ती जपानी स्पर्धा बघा. १९८८ला पहिली झाली तेव्हा अट होती दोन जाडे सेल, टॉर्चमधे घालतो तसले. तेवढ्या जोरावर माणूस बसलेली गाडी पळवायची! पैसा असलेल्याला तिसरा सेल विकत घेताच येत नव्हता. आपण तेच करू. बाराशे-पंधराशेची एक पेटी, सगळ्यांना सारखी, महिनाभर उसनी. आणि तयार गाडीचं म्हणाल तर वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडमध्ये पूर्वी असलेली पद्धत घेऊ. सकाळी रोबो सुटे करून टेबलावर ठेवायचे, कागद-आकृती काही न बघता तिथेच जोडायचे. शिवाय एक नवा नियम त्याच सकाळी जाहीर करायचा. सीताबर्डीचा दुकानदार तिथे बसलेला नसतो.

साशंक : पेटी मला पटली. दोन सेलही पटले. सकाळच्या जोडणीनं बाप बाहेर राहील, हेही खरं. पण संघाच्या आत काय होतं ते बघितलंत का? चार पोरं. मोबाइल एकाच्या हातात. बाकी तिघं 'डावीकडे, डावीकडे' ओरडतात. त्यात दोन मुली असतील तर एकीकडे वही आणि दुसरीकडे पाण्याची बाटली. मोबाइल काढून स्वयंचलित गाडी ठेवली तर हातातला मोबाइल जातो आणि त्या जागी लॅपटॉप येतो. मालक तोच.

उत्साही : मग तीन पाळ्यांचा नियम इथे कामी येतो. प्रत्येक पाळीला गाडी वेगळ्या हातात. स्वयंचलित असेल तर पाळीआधी पंच एकाला बोलावून विचारेल, ही तार काढली तर काय बंद पडेल? कोणाला बोलवायचं ते चिठ्ठीवर. उत्तर आलं नाही तर त्या पाळीचे अर्धे गुण गेले. मग बघा, आदल्या रात्री चौघांना सगळं समजावून सांगायची गरज त्या हुशार पोरालाच वाटेल. आणखी एक पुढची पायरी आहे. फर्स्टच्या सामन्यांत संघांच्या जोड्या चिठ्ठीनं लागतात. ह्या सामन्यातला जोडीदार पुढच्या सामन्यात समोर. सौसरच्या संघाची चार्जिंग गेली तर तिगावच्यानं दिली पाहिजे, कारण दुपारी त्याच्याचबरोबर खेळायचंय.

साशंक : पंच कोण? चिठ्ठी काढून तार कुठली ते विचारणारा माणूस आधी स्वतः ती तार ओळखणारा हवा.

उत्साही : नागपूरला व्हीएनआयटी आहे, तिथल्या पोरांचा रोबोटिक्सचा गट आहे. दोन दिवस येतील, आमंत्रण नीट दिलं तर. तिगावला रेल्वे स्टेशन आहे, नागपूर-इटारसी मार्गावर. फक्त तारीख आपल्याला सांभाळावी लागेल. दिवाळीनंतर कापूस वेचणी, पोरं वावरात. आंबिया बहाराची संत्री ह्याच दिवसांत उतरतात. फेब्रुवारीला मध्य प्रदेश बोर्डाच्या परीक्षा. मधे जानेवारीचे दोन-तीन आठवडे उरतात. आणि संत्र्यावरूनच मला मुख्य सांगायचंय. रेषा, चक्रव्यूह, सुमो हे सगळं कुठेही होतं. तिगावात व्हावं असं काय? संत्रं. ३० फळं एका टोपलीत, लहान-मोठी मिसळलेली. रोबोनं उचलायची, मोठी एका खोक्यात, लहान दुसऱ्यात, आणि एकही चिरडायचं नाही. २०२४ला व्हिएतनामनं रोबोकॉनला भाताची लावणी आणि कापणी दिली होती. आपण तोडणीनंतरची वर्गवारी देऊ.

साशंक : ऐकायला गोड आहे. पण नागपुरी संत्रं तुम्ही हातात घेऊन बघितलंय का पंचाच्या नजरेनं? साल सुटी, आत पोकळी. एक फळ देठाशी फुगलेलं, दुसरं चपटं. चिमट्यानं धरलं की साल दबते, आतली फोड शाबूत असते. मग चिरडलं म्हणायचं की नाही? सकाळी तोडलेलं फळ दुपारपर्यंत मऊ पडतं, म्हणजे चौथ्या नंबरच्या संघाला घट्ट संत्री आणि चौदाव्याला नरम. प्लॅस्टिकचे चेंडू ठेवलेत तर सगळ्यांना सारखं. आणि चेंडू ठेवलेत तर तिगाव कुठे राहिलं?

उत्साही : फुगीर-चपट्याचा उपाय प्लायवूडच्या फळीत आहे. फळीला दोन भोकं पाडायची, एक साडेपाच सेंटिमीटरचं, एक साडेसात. पहिल्यातून जाईल ते बाद, दुसऱ्यातून न जाईल तेही बाद. उरलेल्यांतून प्रत्येक संघाला मोजून तितकीच लहान, तितकीच मोठी. चिरडलं की नाही हे नजरेनं ठरवायचंच नाही. पाळीनंतर फळ टीपकागदावर ठेवायचं, कागद ओला झाला तर गेलं. नरम-घट्टाचा फरक मात्र राहील, कबूल. पण गुरुजी, बाजारातही तो राहतोच. कास्तकाराच्या गाडीतला माल सगळा एकसारखा कधी होता? ज्या पोरानं चिमट्याला फोमची पट्टी लावली त्याला नरम फळ आलं काय नि घट्ट आलं काय.

साशंक : तो फरक राहतो म्हणून तर खटला होतो. बाजारात दलालाशी भांडता येतं, स्पर्धेत पंचाशी भांडलं की बाद करतात. तेही सोडा. माझा खरा आक्षेप पुढचाच आहे. समजा सगळं जमलं. पेटी वाटली, वर्ग झाकला, तिगावच्या एका संघानं चोवीस संत्री न दुखवता निवडली. टाळ्या झाल्या. पुढे? राज्याच्या स्पर्धेचा रस्ता भोपाळला जातो, नागपूर जवळ असलं तरी. तिथे संत्रं नाही. तिथे रेषा आहे, ठरावीक चटई आहे, ठरावीक किट आहे. तुमचा विजेता तिथे नवखा. आणि जी शाळा पहिल्या दिवसापासून ती चटई विकत आणून सराव करत होती, जिला तुमची संत्री पोरखेळ वाटली, ती तिथे पुढे जाईल. गावाला साजेसा खेळ ठेवलात तर पोरांना वरची वाट नाही. वरच्या वाटेचा खेळ ठेवलात तर पेटीपासून पुन्हा सगळी विषमता आत येते. ह्यातलं एक निवडा.

उत्साही : मला दोन्ही हवं आहे. पहिला दिवस संत्र्याचा, दुसरा रेषेचा.

साशंक : दोन दिवस म्हणजे दोन तयाऱ्या. विज्ञानाचा मास्तर एक, त्यालाच जानेवारीत सराव परीक्षांचे पेपर तपासायचे. आणि दुसऱ्या दिवसाला वरचा रस्ता आहे म्हटल्यावर पहिल्या दिवशी कोण जीव लावेल? आईबाप विचारतील, मार्क कुठल्या दिवशी मिळतात?

उत्साही : मग दुसरा दिवस काढून टाकतो. वर कोणाला पाठवायचं ते गाडीच्या निकालावर ठेवत नाही, वहीवर ठेवतो. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र स्पर्धेत काम टप्प्याटप्प्यानं दिलं जातं, प्रत्येक टप्प्याला काय केलं ते दाखवावं लागतं. तसंच आपल्या पेटीबरोबर एक वही द्यायची. काय बिघडलं, काय बदललं, का बदललं, रोजच्या तारखेनिशी. ज्या संघाची वही सांगते की नवं काही समोर आलं तरी ही पोरं शिकून घेतील, तो भोपाळला. संत्र्यात तो पाचवा आला असला तरी. त्याला चटई नवी असेल, पण नव्याची सवय असेल.

साशंक : वही मलाही आवडली असती. चाळीस वर्षं वह्याच तपासल्या. सुंदर अक्षराच्या, ताईनं लिहून दिलेल्या, तारखा एकाच शाईत एकाच बैठकीत टाकलेल्या. बापाला तुम्ही गाडीतून बाहेर काढलंत, तो वहीतून परत येईल. आणि पारितोषिकाच्या वेळी मंडपात पहिला आलेला संघ उभा असेल, चोवीस संत्री न दुखवता निवडणारा. भोपाळला मात्र पाचवा चाललाय. त्या पहिल्या पोराचा बाप माइकजवळ येऊन विचारेल, 'साहेब, मग जिंकलं कोण?' तुमच्या नियमांच्या कागदात ह्याचं उत्तर कोणत्या कलमात आहे?